सहावी पट्टी

बशी रिकामी परत आली आणि धाकटी घाबरली.

ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभी होती. समोर छोटं टेबल, टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये पांढरी बशी आणि बशीवर ओला रुमाल. रुमाल उचलला तर खाली काही नाही. गाजराचा कीस नाही, पावाचा चुराही नाही. दुपारचे सव्वाचार वाजले होते. खाली चहाघर माणसांनी भरलं होतं आणि कपबश्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. तरीही तिला एकदम वाटलं, या इमारतीत आपण एकट्याच आहोत.

रिकामी बशी पाहून घाबरणारी स्वयंपाकीण जगात ही एकटीच असेल. पण तिची भीती कळायला आधी तिचं काम कळायला हवं.

चहाघर मोठ्या बाईंचं. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खाली उतरत नव्हत्या. धाकटी खालच्या स्वयंपाकघरात चहाबरोबरची भाज्यांची सँडविचेस करायची. वय बेचाळीस, तरी ती धाकटीच. अकरा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा इथे एक थोरली स्वयंपाकीण होती. थोरली कधीच निघून गेली, हिचं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

सँडविच करायला मोठ्या बाईंनीच तिला शिकवलं होतं. पाव आदल्या दिवशीचा घ्यायचा, ताजा सुरीखाली दबतो. लोणी थेट कडेपर्यंत लावायचं, म्हणजे भाजीचं पाणी पावात शिरत नाही. काकडीला मीठ लावून ती पंधरा मिनिटं निथळत ठेवायची आणि मग कापडावर टिपून घ्यायची. सँडविच ओल्या फडक्याखाली थोडं विसावू द्यायचं. कडा अगदी शेवटी कापायच्या. लांब सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, एकाच ओढीत कापायचं आणि परत पुसायची. एका सँडविचच्या तीन पट्ट्या होतात आणि तिन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत.

बाईंसाठी रोज पावणेचारला सहा पट्ट्या वर जायच्या. दोन काकडीच्या, दोन गाजर-चीजच्या, दोन बिटाच्या. बाई पाच खायच्या आणि एक ठेवायच्या. जी सगळ्यांत वाईट कापली गेली असेल, ती.

हे दोघींमध्ये कधी बोललं गेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात धाकटीला वाटायचं, म्हातारीचं पोट भरत असेल. मग एक दिवस तिने उरलेली पट्टी उजेडात धरून पाहिली. कड तिरकी होती. दुसऱ्या दिवशी उरली ती दबलेली होती, तिसऱ्या दिवशीच्या पट्टीत लोणी कडेपर्यंत पोहोचलं नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती उरलेली पट्टी म्हणजे तिचा रोजचा निकाल होता. अकरा वर्षांत बशी पूर्ण रिकामी आली ती तीनदा, आणि त्या तिन्ही तारखा धाकटीला पाठ होत्या.

मागच्या शुक्रवारपासून मात्र बशी रोज रिकामी येत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. धाकटी हवेत होती. घरी नवऱ्याने चेष्टाही केली, की आता बाई तुला मेडल देणार, भिंतीला खिळा ठोकून ठेवू का.

आज बुधवार. आज सगळंच बिघडलं होतं. लांब सुरी धार लावायला गेली होती. पाववाला उशिरा आला आणि पाव इतका ताजा होता की हाताला गरम लागत होता. काकडीला मीठ लावायला वेळ मिळाला नाही. सफरचंद चिरायच्या छोट्या सुरीने तिने कशाबशा पट्ट्या पाडल्या. कडा कापायला गेली तर पावच चेपायला लागला, म्हणून शेवटी कडा तशाच ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने बाईंना कडांसकट सँडविच पाठवलं. लाजेने तिने बशी ओल्या रुमालाने घट्ट झाकली आणि टेबलावर ठेवून खाली पळून आली. आज सहाच्या सहा परत येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

आणि बशी रिकामी आली.

पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या क्षणी वेगळंच सुचलं. बाईंनी हे खाल्लेलं नाही. बाई हे खाऊच शकत नाहीत. मग आजचं कोणी खाल्लं? आणि कालचं? परवाचं? पाच दिवस मेडलच्या स्वप्नात असताना आपण एकदाही बाईंचा आवाज ऐकलेला नाही.

बाईंना खोकला झाला होता. शुक्रवारी सकाळी या टेबलावर एक चिठ्ठी सापडली होती. छापल्यासारखं अक्षर आणि खाली डॉक्टरांचं नाव. खोकला संसर्गाचा आहे, खालच्या कोणी वर येऊ नये, ट्रे टप्प्यावर ठेवून जावं, सिस्टर नेईल. सिस्टर म्हणजे बाईंची नर्स. ती तीन महिन्यांपूर्वी आली होती, वरच राहायची आणि बोलायची कमी.

धाकटीने वर पाहिलं. बारा पायऱ्या आणि वर बंद दार. ती दबक्या पावलांनी चढली. दाराच्या मुठीपासून चौकटीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात दोन माश्या वाळून अडकल्या होत्या. हे दार आज उघडलेलं नव्हतं, कालही नाही, परवाही नाही.

मग रोज ट्रे नेत होतं कोण?

तिला दार ठोठावायचं होतं, पण हात उचलेना. दाराच्या पलीकडे कोण आहे, की कोणीच नाही, हे कळण्याचीच तिला भीती वाटत होती. ती तशीच पाठमोरी खाली सरकली. एवढ्यात टप्प्यावरचं एक दार करकरलं.

टप्प्यावर दोन दारं होती. एक बाईंच्या भाच्याच्या खोलीचं. तो दहा दिवसांपूर्वी राहायला आला होता, दिवसभर फोनवर ओरडायचा आणि हातात टेप घेऊन भिंती मोजत हिंडायचा. दुसरं दार मॅनेजर काकांच्या ऑफिसचं. उघडलं ते काकांचं होतं आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला.

काका पंचवीस वर्षं इथे होते. धाकटीला पहिला एप्रन त्यांनीच बांधून दिला होता. तिच्या मुलीच्या आजारपणात तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर तिच्याबरोबर बसले होते. त्यांचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता.

“काय गं पोरी, चेहरा असा का?” काकांनी विचारलं.

“काही नाही, बशी न्यायला आले. काका, बाई कशा आहेत?”

“सुधारतायत. सिस्टर पुढच्या दारात भेटते ना, ती सांगते. आज तर म्हणे कडासुद्धा टाकल्या नाहीत, सगळं चाटूनपुसून खाल्लं. तू काळजी करू नकोस. उद्या अकराला वकील येणार आहेत बाईंकडे, कसलीशी सही आहे. त्यानंतर वर जायला मोकळीक होईल, असं दिसतंय.”

धाकटीने मान हलवली आणि बशी घेऊन खाली आली. काकांशी बोलून नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही आणि का नाही, ते तिला सांगता येईना.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ती वाऱ्याला उभी राहिली. बाहेर गॅसच्या टाक्या ठेवायची पत्र्याची शेड होती आणि शेडवर कबुतरांची ही झुंबड. गेले काही दिवस ती रोज याच वेळेला जमत होती आणि धाकटीने त्यांना फक्त हुसकावलं होतं. आज तिने मान वर करून पाहिलं. शेडच्या बरोबर वर जिन्याच्या टप्प्याची खिडकी होती.

दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून ती वर चढली. कबुतरं फडफडत उडाली.

पत्र्यावर काकडीच्या चकत्या पसरल्या होत्या. कबुतरांनी पाव वेचला होता, काकडीला तोंड लावलं नव्हतं. काही चकत्या ओल्या, हिरव्या. काहींच्या कडा वळल्या होत्या. काही पिवळ्या, काही तपकिरी, आणि काही वाळून नखाएवढ्या झाल्या होत्या. बिटाने पत्रा जागोजागी गुलाबी झाला होता. सगळ्यांत वर आजच्या जाड कडा पडल्या होत्या, अजून मऊ. धाकटीने नीट पाहिलं. वाळण्याच्या सहा तऱ्हा. सहा दिवस.

म्हणजे शुक्रवारपासून बाईंच्या पोटात एक घास गेलेला नाही. निदान तिच्या हातचा तरी नाही.

ती क्रेटवरून उतरली. तिला रडायला येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. आता जायचं कोणाकडे?

आत, खिडकीशेजारच्या टेबलावर भाचा नेहमीसारखा फोनवर ओरडत होता आणि बुटाने टेबलाचा पाय ठोकत होता. रोज साडेतीनला येऊन बसायचा तो साडेचारपर्यंत हलायचा नाही. वाढायच्या झरोक्यातून त्याचा आवाज ऐकून धाकटीचं डोकं उठायचं. तिने धीर करून त्याला विचारलं, आत्याबाईंना एवढ्यात भेटलात का. तो उखडला. म्हणाला, मला आत सोडतंय कोण, तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला कोंडून ठेवलंय. आणि वर त्यानेच विचारलं, तिला औषध किती वाजता देतात. हा माणूस औषधाची वेळ कशाला विचारतोय?

त्याच्या मागच्याच टेबलावर फौजदारीणबाई बसल्या होत्या. नेमणूक कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, रोज ड्युटी संपली की चहाला इथे. आज साध्या कपड्यांत होत्या. धाकटी त्यांच्या समोरच्या खुर्चीत न विचारता बसली, हेच त्यांना नवल.

“बशी रिकामी आलीय,” धाकटी म्हणाली.

“बरं. मग?”

“मग काय, रिकामी आलीय.”

फौजदारीणबाईंनी कप खाली ठेवला. “गेल्या आठवड्यात कोणी कुत्रा भुंकत नाही म्हणून तक्रार घेऊन आलं होतं. आता हे. सावकाश सांगा.”

धाकटीने सांगितलं. निकालाचं सांगितलं, कोळ्याचं जाळं सांगितलं, वाळलेल्या चकत्या सांगितल्या. फौजदारीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या क्षणी गेलं ते तिला कळलं नाही. चहा अर्धा टाकून त्या उठल्या.

“वर जायला दुसरी वाट आहे?”

“रस्त्याच्या बाजूने पुढचा जिना आहे.”

“चला.”

पाचला दहा मिनिटं कमी होती.

पुढचं दार सिस्टरने उघडलं ते साखळी लावूनच. तोंडाला मास्क होता. फौजदारीणबाईंचं ओळखपत्र पाहून तिने साखळी काढली आणि मग तिची नजर धाकटीवर गेली. ती दोन पावलं मागे सरली.

“तुम्ही? तुम्ही तर नोकरी सोडून गेलात ना?”

“मी?” धाकटी म्हणाली.

“तुमचं पत्र आलं होतं बाईंना. दुसरीकडे जास्त पगार मिळतोय, निरोप घ्यायला वेळ नाही. बाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होत्या.”

धाकटी तिला बाजूला सारून आत धावली. पलंगावर मोठ्या बाई होत्या. जिवंत होत्या, पण किती बारीक झाल्या होत्या. गाल आत गेले होते, ओठ सुकले होते. तिने हाक मारली. हात हातात घेऊन परत मारली. बाईंनी डोळे उघडले नाहीत. श्वास येत होता, पण एकानंतर दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती.

मागे फौजदारीणबाईंचे प्रश्न सुरू झाले होते.

“खायला काय देता?”

“सूप. पाव बंद केलाय डॉक्टरांनी.”

“डॉक्टर तुम्हाला भेटले?”

“नाही, ते परगावी आहेत. चिठ्ठी आली दाराखालून. औषधाची पिशवी मुठीला अडकवलेली असते. संसर्ग आहे म्हणून कोणी समोर येत नाही.”

“मागचं दार?”

“कडी लावून ठेवायची, असं पहिल्याच चिठ्ठीत होतं. सहा दिवसांत उघडलेलं नाही.”

“या सहा दिवसांत खालच्या कोणाशी बोललात?”

“कोणाशीच नाही. मी जिना उतरलेलीच नाही.”

“हातात काय आहे ते?”

सिस्टरच्या तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या होत्या. पाचची वेळ झाली होती. रोज एक असायची, आज नवीन पाकीट आलं आणि सोबतच्या चिठ्ठीत दोन लिहिलं होतं, असं ती म्हणाली. बोलता बोलता तिचं स्वतःचंच तोंड उतरलं. ती तळहाताकडे बघत राहिली आणि मग तिने मूठ उघडी ठेवूनच ती फौजदारीणबाईंपुढे धरली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सात मिनिटांत आल्या. गोळी पाहिली, बाईंच्या पापण्या उघडून पाहिल्या, सुई टोचली. झोपेच्या गोळ्या आहेत, त्या म्हणाल्या, आणि कमी जोराच्या नाहीत. आज दोन पोटात गेल्या असत्या तर उद्या बाई उठल्या असत्या की नाही, ते मी सांगू शकले नसते.

हे ऐकून धाकटी पलंगाची कड धरून खाली बसली. आपण पाच दिवस खुशीत होतो, हे तिला राहून राहून आठवत होतं.

साडेपाचला बाहेरच्या खोलीत चौघं बसली होती. भाचा अस्वस्थ, काका फाइल मांडीवर घेऊन शांत, सिस्टर रडवेली आणि धाकटी. फौजदारीणबाई दाराला पाठ लावून उभ्या.

“कोणीतरी दोन्ही दारं बंद केली,” त्या म्हणाल्या. “खालच्यांना सांगितलं वर संसर्ग आहे, वरच्यांना सांगितलं खालची सोडून गेली. चिठ्ठ्या कोणाच्या हे हस्ताक्षरवाला सांगेल, पण त्याला आठवडा लागेल. धाकटीबाई, तुम्ही मघाशी मला म्हणालात की तुम्हाला कळलंय. बोला.”

धाकटीला बोलायची सवय नव्हती. तिने एप्रनचं टोक मुठीत धरलं.

“आधी मला सिस्टरचा संशय आला,” ती म्हणाली. “ट्रे तीच नेते, असं आम्ही धरून चाललो होतो. पण सिस्टरने तीन महिने रोज बशी खाली आणलीय. बाई एक पट्टी ठेवतात, हे तिने रोज पाहिलंय. का ते तिला माहीत नसेल. पण तिला फसवायचं असतं तर तिने पाच फेकल्या असत्या आणि एक ठेवली असती. मला काही कळलंच नसतं. ज्याने सहाच्या सहा फेकल्या, त्याने वरून परत आलेली बशी कधी पाहिलेलीच नाही. शिवाय जिन्याच्या दारावर जाळं आहे. वरून कोणी उतरलंच नाही.”

सिस्टरने नाक पुसलं.

“मग राहिले टप्प्यावरचे दोघं. भाचेसाहेबांची मला भीती वाटली. भिंती मोजतात, औषधाची वेळ विचारतात.”

“अहो, मी जिन्याला आधाराचा दांडा बसवायला माप घेत होतो,” भाचा म्हणाला. “आत्याला खाली उतरता यावं म्हणून. आणि औषधानंतर ती झोपते, म्हणून आधी भेटावं म्हटलं. यात माझं काय चुकलं?”

“काही नाही,” धाकटी म्हणाली. “कारण पावणेचार ते सव्वाचार या वेळात तुम्ही रोज खाली बसलेले असता. मला झरोक्यातून ऐकू येतं.”

“मला समोरूनच ऐकू येतं,” फौजदारीणबाई म्हणाल्या. “सहाही दिवस. ह्यांचे सगळे फोन मला पाठ झालेत.”

धाकटीने काकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“आज माझ्याकडे लांब सुरी नव्हती,” ती म्हणाली. “पाव ताजा होता. कडा कापता आल्या नाहीत, म्हणून ठेवल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी लाजेने ते कोणाला सांगितलं नाही. बशी मी झाकली, मीच नेऊन ठेवली. आज सँडविचला कडा होत्या, हे फक्त मला माहीत होतं आणि ज्याने रुमाल उचलला त्याला.”

मग ती हळूच म्हणाली, “काका, तुम्ही मला म्हणालात, बाईंनी आज कडासुद्धा टाकल्या नाहीत.”

काका हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. “अगं, मला सिस्टरने सांगितलं.”

“सिस्टर सहा दिवस कोणाशी बोललेली नाही, काका. तिने आजची बशी पाहिलेलीसुद्धा नाही.”

फौजदारीणबाईंनी पुढे होऊन त्यांच्या मांडीवरची फाइल उचलली. आत उद्या सही व्हायचा कागद होता. चहाघर मॅनेजरच्या नावे होणार होतं. त्याच्याच खाली पंधरा दिवसांपूर्वीचा दुसरा मसुदा होता, बाईंच्या स्वतःच्या थरथरत्या अक्षरात. त्यात नाव धाकटीचं होतं. तिचं खरं, पूर्ण नाव, जे या इमारतीत अकरा वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

धाकटीने ते दोनदा वाचलं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

“पंचवीस वर्षं,” काका म्हणाले. आवाज अजूनही चढला नव्हता. “रोज सकाळी मी शटर उघडलं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, दुकान तिला द्यायचं म्हणते, तुम्ही कागद तयार करा. मलाच सांगितलं कागद करायला. त्यांना वाटलंसुद्धा नाही की मला काही वाटेल.”

“म्हणून मारून टाकायचं?” भाचा उठला.

“मारायचं नव्हतं. धाकटी सोडून गेली असं कळलं, की त्या माझ्या नावाच्या कागदावर सही करतील, असा हिशोब होता. फक्त सही होईपर्यंत गप्प पडून राहायला हव्या होत्या. पण परवा त्या सिस्टरला म्हणाल्या, धाकटीचा पत्ता काढ, मला तिला एकदा विचारायचंय. औषधाची पिशवी अडकवताना मी पुढच्या दाराबाहेरून ऐकलं. मग आज दोन लिहिल्या.” त्यांनी पहिल्यांदा धाकटीकडे पाहिलं. “तुझं वाईट करायचं नव्हतं पोरी. बशी मी मुद्दाम पुसून रिकामी ठेवायचो. रिकामी बशी पाहून तू खूश होशील, असं वाटायचं.”

“झालेच होते,” धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. एप्रन बांधून देणारे काका आणि दोन गोळ्या लिहिणारे काका, दोघंही खरे होते, आणि तिला ते सोसेना.

फौजदारीणबाईंनी त्यांना पुढच्या जिन्याने नेलं. खाली चहाघरात लोक अजून चहा पीत होते. शटर त्या दिवशी भाच्याने ओढलं आणि बोट चिमटून घेतलं.

मोठ्या बाई चौथ्या दिवशी उशीला टेकून बसल्या. बोलणं अजून जड होतं. धाकटी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “गेली नव्हतीस?”

“नाही बाई.”

“मग इतके दिवस चहाला काय पाठवलंस?”

त्यांना आत्ताच सगळं सांगायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. धाकटी म्हणाली, आज पाठवते.

त्या दुपारी तिने जीव ओतला. पाव आदल्या दिवशीचा होता, सुरीला नवी धार होती. काकडी निथळली, टिपली. लोणी कडेपर्यंत गेलं. प्रत्येक कापानंतर सुरी पुसली. एवढं नीट तिने कधी केलं नव्हतं. पावणेचारला ट्रे नेला तेव्हा जिन्याला नवा दांडा लागलेला होता, थोडा तिरका. वरचं दार सिस्टरने सताड उघडं ठेवलं होतं.

खाली येऊन ती ओट्याशी उभी राहिली. सव्वाचार वाजले. सिस्टरला यायला उशीर झाला. धाकटीला ती जुनी भीती पुन्हा चढली. बशी रिकामी आली तर? आता यापुढे रिकामी बशी तिला कधी चांगली वाटणार होती?

सिस्टर आली. बशी तिने ओट्यावर ठेवली आणि रुमाल उचलला.

मध्ये एक पट्टी होती. काकडीची.

धाकटीने ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. डोळ्यांतलं पाणी एप्रनला पुसून नीट पाहिलं. एका टोकाला कड खरंच केसभर वाकडी गेली होती.